पाव किलो काळीजिरी

आमच्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस आधी शिंकतो, मग बोलतो. वेखंड, पिंपळी, सुंठ, मिरी ही मंडळी वर्षानुवर्षं एका खोलीत कोंडून राहिल्यावर दुसरं काय होणार! लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिला महिनाभर माझं नाक आणि डोळे सारखे गळत होते. सासूबाईंनी माहेरी निरोप धाडला, की पोरीला सासर मानवलेलं दिसत नाही, सारखी रडते. माझे वडील धावतपळत आले, दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, चार सणसणीत शिंका दिल्या आणि चहा पिऊन समाधानाने परत गेले.

त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. डहाणू रोडच्या बाजारात आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. काष्ठौषधी म्हणजे झाडाचं जे जे वाळवून ठेवता येतं ते सगळं. मूळ, साल, बी, शेंग, फळ, डिंक. वैद्य यादी लिहून देतो नाहीतर घरातली म्हातारी तोंडी सांगते, आणि आम्ही पुडी बांधतो. जोडीला मसाल्याचे जिन्नस. मी वैद्य नाही, हे वाक्य मी गल्ल्यावर बसून इतक्यांदा म्हटलं आहे की झोपेतही म्हणत असेन. इथेही म्हणते, कारण या अंकाच्या संपादकबाईंनी मला फर्मान सोडलं होतं, "काकी, बटवा उघडा आणि वाचकांना पाचपन्नास घरगुती उपाय द्या." मी म्हटलं, बाई, उपाय आता मोबाईलवर पोत्याने मिळतात, त्यात माझी एक पिशवी कशाला? त्यापेक्षा मी माझा सगळ्यात मोठा घोटाळा सांगते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तोच लिहा, पण हात आखडू नका."

तर घोटाळा. पण तो कळायला आधी आमच्या धंद्यातला एक शब्द कळायला हवा. तो शब्द म्हणजे 'कशाला?'

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला गल्ल्यावर बसवलं तेव्हा डब्यांची नावं शिकवली नाहीत, वजनं शिकवली नाहीत. म्हणाले, "सूनबाई, गिऱ्हाईक येईल आणि नाव सांगेल. नावावर पुडी बांधायची नाही. आधी विचारायचं, कशाला? उत्तर ऐकायचं, मग डब्याला हात लावायचा." मला ते फार उद्धट वाटलं. माणूस चांगला अडुळसा मागतोय आणि आपण पोलिसासारखं 'कशाला' विचारायचं? पण आठ दिवसांत माझं डोकं गरगरायला लागलं. आमच्या भागात सकाळी पहिलं गिऱ्हाईक मराठीत बोलतं, दुसरं गुजरातीत, तिसरं डोंगरातल्या पाड्यावरनं आलेलं असतं आणि त्याची बोली वेगळीच. गुळवेलीला कोणी गळो म्हणतं, ओव्याला अजमो, वेखंडाला घोडावज. तेवढं पाठ होतं हो. एका जिनसाला चार नावं असली तर काही बिघडत नाही. खरी पंचाईत उलटी असते, नाव एक आणि जिन्नस दोन. तिथे 'कशाला'शिवाय गत्यंतर नाही.

या शब्दाने माणसं वाचलीत, खोटं नाही सांगत. चिकूच्या वाडीचे एक मालक होते, अंगाने भरलेले, बोलायला एकदम गोड. एकदा हिवाळ्यातल्या सकाळी आले आणि म्हणाले, "बेन, पचास ग्राम अजमो आपो." मी विचारलं, कशाला? म्हणाले, गॅस. मी म्हटलं, गॅस कुठे? तर त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने डावा खांदा चोळायला लागले. बाहेर चांगली थंडी होती आणि या माणसाच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजलेली. मी ओवा दिला नाही. शेजारच्या कापडवाल्याला हाक मारली, दोघांनी मिळून त्यांना रिक्षात घातलं आणि तडक दवाखान्यात धाडलं. ते सारखे ओरडत होते, "अरे, अजमो तो आपो!" महिन्याभराने बारीक होऊन आले. हातात पेढे. पेढे ठेवले आणि जरा नाराजीनेच म्हणाले, "बेन, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला वाचवलं ते ठीक, पण माझा अजमो राहिलाच." तो मी त्यांना त्या दिवशी दिला.

करोनाच्या दिवसांत तर आमच्याकडे गुळवेलीसाठी रांग लागायची. स्टेशनजवळच्या एका सोसायटीतले गृहस्थ आले, अर्धा चेहरा मास्कमध्ये, काखेत हिरव्या वेलाचं भेंडोळं.

"काकी, ही गुळवेलच ना? आमच्या जिन्यात किती माजलीय बघा, उगाच विकत का घ्या?"

मी चष्मा लावून पाहिलं. "हा मनीप्लांट आहे."

"अहो पण पान बदामाच्या आकाराचं आहे! व्हिडिओत तसंच होतं."

"बदामाच्या आकाराची पानं शंभर झाडांना असतात. काढा नाही ना केलात?"

"मी नाही केला," ते म्हणाले, "बायकोने उकळायला ठेवलाय."

एवढं बोलून त्यांचे डोळे मोठे झाले. खिशातला मोबाईल काढायचंही त्यांना सुचलं नाही. चपला हातात घेऊन पळालेला माणूस मी बाजारात तेव्हा प्रथमच पाहिला. काढा मोरीत गेला आणि मंडळी सुखरूप राहिली. पुढे ते भेटले की मास्क नसतानाही तोंड लपवायचे.

सगळे किस्से असे जीवावरचे नसतात. एक नवी आई आली होती, कडेवर तीन महिन्यांचं बाळ, कानाला फोन आणि फोनवर तिची आई. आई पलीकडून बाळगुटीची यादी सांगत होती आणि ही मला तशीच्या तशी ऐकवत होती. हिरडा, बेहडा, मुरडशेंग, जायफळ, वेखंड, ज्येष्ठमध. मी सगळं काढून ठेवलं. तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मावशी, हे सगळं एकत्र मिक्सरला लावायचं का? चाळायचं की तसंच?" पलीकडे आईने फोनवरच कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. मग मी तिला सहाण दाखवली. अगं, सहाणेवर चार थेंब पाणी घालून एकेक जिन्नस धरायचा आणि गोल फिरवायचा. एक फेरा म्हणजे एक वेढा. या औषधाचं माप ग्रामात नसतं, वेढ्यात असतं. हिरड्याचे दोन वेढे म्हणजे दोनच, जायफळाचा अर्धा. आणि आधी बाळाच्या डॉक्टरांना विचार. तिने विचारलं, डॉक्टर नको म्हणाले, ते तिने ऐकलं. पण जिन्नस परत केले नाहीत. सहाणेवर नीट मांडले, बाळाला मागे निजवलं आणि फोटो काढून आईला पाठवला. आई खूश, डॉक्टर खूश, आणि गुटी न घेता बाळ सगळ्यात खूश.

आता जानकीबाय. तिच्याशिवाय आमचं दुकान म्हणजे नुसते पत्र्याचे डबे.

तलासरीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत तिचा पाडा. तिथून ती दर पंधरा दिवसांनी एसटीने यायची, डोक्यावर गाठोडं, हातात कोयती. बेहडे, शिकेकाई, मुरडशेंग, वावडिंग, कुड्याची साल, कडूजिरं, ज्या ऋतूत जे मिळेल ते. माल पुष्कळ जण आणतात. पण जानकीबायच्या गाठोड्यात एक काडी चुकीची नसायची. आमची पहिली भेट मला चांगली आठवते. तिने दोन साली माझ्यापुढे टाकल्या आणि म्हणाली, "यात पांढरा कुडा कोनता नि काळा कोनता, सांग." मी उजेडात धरून पाहायला लागले, वास घेऊन पाहिला. "बघतंस काय? चाव!" मी चावली. पांढऱ्या कुड्याची साल जुलाबावर देतात आणि ती कडूजहर असते. काळ्याला तसा दम नसतो. माझ्या तोंडाची चव संध्याकाळच्या जेवणापर्यंत परत आली नाही आणि ती पायरीवर बसून पोट धरून हसत होती. "शेठानी, आता नाय विसरायचीस." त्या दिवसापासून मी तिची शेठानी. माझ्याजवळ शेठपणा काय होता, तर एक तराजू आणि एक लाकडी स्टूल!

माझे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस दुकान बंद होतं. चौदाव्या दिवशी ती आली. माझ्या हातातून किल्ली घेतली, शटर उचललं, झाडू मारला, स्टूल पुसलं आणि म्हणाली, "बस आता." मी बसले. त्या बाईचे माझ्यावर असे उपकार आहेत, आणि घोटाळा मी नेमका तिच्याच घरी घातला.

जानकीबायची नात सविता. आईविना वाढलेली पोर, हिनेच शिकवली, नर्सिंगला घातली. तिचं लग्न ठरलं उंबरगावाकडच्या एका मुलाशी, म्हणजे गुजरातच्या हद्दीत. मुलगा कारखान्यात, घर खातंपितं. विहीणबाई जरा कडक. त्यांचं म्हणणं, लग्न आमच्याकडे हॉलमध्ये करू, तुमच्या डोंगरात एवढ्या माणसांच्या जेवणाचं जमेल का? हे 'जमेल का' जानकीबायला झोंबलं.

"मी बोलली," ती मला दुकानात सांगत होती, "पोर माझ्या अंगनातून निघंल. नि वऱ्हाडातला एक मानूस जरी नाक मुरडून उठला ना, तं मी त्या पोरीला तोंड नाय दाखवायची. जलमभर तिला ऐकावं लागंल, तुझ्या आजीकडं जेवन कसं होतं म्हनून."

मसाल्याचा सगळा जिन्नस माझ्याकडून घ्यायचा, हे तिने आचाऱ्याला बजावून सांगितलं होतं. दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाही. केवढा विश्वास!

आचारी दामू, इकडचाच, पोरसवदा नाही, चांगला मुरलेला. लग्नाच्या आदल्या दिवशी यादी घेऊन आला. उन्हाळा, वर्षाचे मसाले करायचे दिवस, दुकानात मुंगीला शिरायला जागा नाही. त्याच वेळी माझ्यासमोर एक गुजराती आजी बसल्या होत्या. नातवाला जंत झाले होते, त्यासाठी त्यांना काळीजीरी हवी होती. मी शहाण्यासारखं त्यांना 'कशाला' विचारलं, वय विचारलं, आधी डॉक्टरांना दाखवा म्हटलं, अर्धा तास गप्पा झाल्या, सगळ्या गुजरातीत. डबा उघडाच होता. इतक्यात दामू मागून ओरडला, "काकी, नि पाव किलो काळीजिरी!"

इथे बाहेरच्या वाचकासाठी जरा थांबते. काळीजिरी म्हटलं की आमच्या मराठी आचाऱ्याला अभिप्रेत असतं शहाजिरं. बारीक, काळपट, घमघमाट येणारं, मसालेभातात जीव ओतणारं. आणि गुजराती आजी काळीजीरी म्हणतात ते आपलं कडूजिरं. जंतांवर, खाजेवर देतात, तेही चिमूटभर. त्याच्या कडूपणाचं वर्णन करायला माझ्याजवळ शब्द नाहीत. कारलं त्याच्यापुढे बासुंदी म्हणावं लागेल.

माझ्या डोक्यात त्या क्षणी गुजराती चालू होती. हात उघड्या डब्यात गेला, पाव किलो तोललं, पुडी बांधली, दामूच्या पिशवीत टाकली. चाळीस वर्षांत हजारदा विचारलेला तो एक शब्द त्या दिवशी माझ्या तोंडून निघाला नाही. लग्नाची यादी, आपल्याच जानकीबायची. तिथे काय विचारायचं!

दुसऱ्या दिवशी मी दुपारच्या जेवणाला जाणार होते. सकाळी दुकान उघडलं, नेहमीचे एक गुरुजी आले. अंगाला खाज सुटली होती, कडूजिरं हवं होतं. डबा उघडला तर तळ दिसत होता. मी म्हटलं, असं कसं, परवा तर भरलेला होता? कोणी एवढं नेलं? कडूजिरं पाव किलो कोण नेतं? पाव किलोत तलासरी तालुक्यातले झाडून सगळे जंत स्वर्गवासी झाले असते. शहाजिऱ्याचा डबा उघडून पाहिला. काठोकाठ भरलेला.

जानकीबायचा फोन लागेना, पाड्यावर कधी रेंज असते? दामूचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी सुनेला हाक मारली, गल्ल्यावर बसवली, शहाजिऱ्याचा अख्खा डबाच काखेत मारला आणि ओळखीच्या रिक्षावाल्याला म्हटलं, चल, तलासरीच्या पुढे. तो म्हणाला, "काकी, रिक्षा आहे, विमान नाही." मी म्हटलं, "आज विमान कर." आशागड मागे पडलं, हायवे लागला, मोठमोठे ट्रक आमच्यावरून गेल्यासारखे जात होते आणि मी डबा छातीशी धरून देवाला एवढंच सांगत होते की दामूला आज उठायला उशीर झालेला असू दे. विषारी नाही बाबा ते, मी स्वतःशी घोकत होते, नुसतं कडू आहे. पण पोटुशी बाईने खायचं नसतं, तेही आठवत होतं. वऱ्हाडात कोणी तशी असली तर?

दामू वेळेवर उठला होता. चांगला आचारी, वेळेवरच उठणार! मांडवामागे तीन मोठे टोप, एकातला भात तयार, वर झाकण. पुडी माझ्या हातची, म्हणून चुलीच्या धुरात दामूने वास न घेताच ती त्यात ओतली होती. बाकी दोन टोपांचं आधण चढलं होतं, त्यांचा मसाला अजून परातीत. मी पोचले तेव्हा दामू आणि जानकीबाय त्या तयार टोपाकडे बघत उभे होते. दोघांची तोंडं पाहून मला कळलं, चाखून झालंय.

"काकी," दामू म्हणाला, "मी काळीजिरी मागितली."

"हो रे बाबा."

"नि तुम्ही काळीजिरीच दिलीत."

नाव अगदी बरोबर होतं. मी जानकीबायचे हात धरले. "माझी चूक झाली गं. मी विचारलं नाही. माझ्या हातून तुझी अब्रू..." पासष्टीची बाई मी, मांडवामागे उभी राहून लहान पोरीसारखी रडायला लागले.

तिने माझ्याकडे पाहिलं. टोपातली चार शितं परत तोंडात टाकली, चावली. "माझंच हाय हे," ती म्हणाली. "मागल्या हिवाळ्यात मीच तुला दिल्यालं. डोंगरातल्या घळीच्या वरचं, चांगलं कडक." अशा वेळीसुद्धा बाईला आपल्या मालाचा अभिमान! मग पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं. "रडनं बंद कर. दामू, त्या दोन टोपांना शेठानीच्या डब्यातलं घाल. हा टोप मांडवात आन."

"मांडवात?" दामू किंचाळला. "हा ओतून टाकूया मागं!"

"लग्नाचा भात ओतायचा? मानसं बघतात ना?" आणि खरंच, टेम्पो आले होते, वऱ्हाड उतरत होतं. विहीणबाई सगळ्यांच्या पुढे, जरीची साडी, नजर थेट टोपांवर.

पंगत बसली. जानकीबाय स्वतः वाढायला निघाली. प्रत्येकाच्या पत्रावळीवर आधी कडू भाताचा सुपारीएवढा घास, त्याच्या शेजारी गुळाचा खडा. मोठ्याने सांगत होती, "आमच्यात पयला घास कडू. मग गूळ. मग जेवन. लेकरांनी नि पोटुशी बायांनी नुसता गूळ खायचा, त्यांना कडू चालत नाय!" मी तिच्यामागे गुळाची परात घेऊन चालत होते. तिच्या पाड्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली, त्यांनी हा रिवाज जन्मात ऐकला नव्हता. पण म्हातारी सांगते म्हटल्यावर कोण तोंड उघडतो! उलट एका आजोबांनी मान डोलावली, "हां हां, पयले असायचं असं." देव त्यांचं भलं करो.

विहीणबाईंनी घास तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी डोळेच मिटले.

"अरे बाप रे! आ शुं छे? आटलुं कडवुं?" मग मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हा कसला रिवाज? लग्नात कडू कशाला?"

कशाला! चाळीस वर्षं लोकांना मी विचारलेला प्रश्न त्या बाईने भर मांडवात विचारला आणि उत्तर द्यायची पाळी जानकीबायवर आली. सगळी पंगत थांबली. सविता हळदीच्या अंगाने दारात उभी, तिचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता सांगून टाकावं, की बायांनो, गाढवपणा माझा आहे. मी तोंड उघडलं, तर जानकीबायने मागच्या मागे माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तोंड आपोआप मिटलं.

ती विहीणबाईंच्या समोर खाली बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाय, संसार म्हनला की त्यात कडू असतंच. तुज्या वाट्याला आलं, माज्या वाट्याला आलं. हिच्या आईच्या वाट्याला तं सगळंच कडू आलं, नि ती लवकर गेली. म्हनून आज आपन एवढी मानसं बसलोत ना, सगळ्यांनी या पोरापोरीच्या संसारातलं कडू थोडं थोडं खाऊन टाकायचं. मग त्यांच्यासाठी कमी उरंल."

विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या सविताकडे. त्यांनी तोंडातला घास गिळला. गुळाला हात लावला नाही. पत्रावळ पुढे केली आणि म्हणाल्या, "हजी थोडुं आपो. अजून वाढा. माझी सून आहे ती."

मग काय विचारता! त्यांनी दोनदा घेतला म्हटल्यावर त्यांच्याकडच्या सगळ्या बायकांनी दोनदा घेतला. पुरुष मंडळींमध्ये तर पैज लागल्यासारखी झाली. नवरामुलगा तिसरा घास घेताना ठसका लागून लालबुंद झाला आणि सविता पदराआड हसली. टोप रिकामा झाला. त्यामागून दामूचा खरा मसालेभात आला, आणि कडू तोंडाला तो असा लागला की आजवर उंबरगावात त्या भाताचं नाव काढतात. दामूला तिकडची चार लग्नं तिथल्या तिथे मिळाली. माझ्यावरचा त्याचा राग तेवढ्यावर मिटला.

मी नंतर जानकीबायला म्हटलं, विहीणबाईंना खरं सांगूया का? ती म्हणाली, "खोटं काय बोलली मी? एक तरी शबूद खोटा होता?" मी विचार केला. रिवाजाचं सोडलं तर खरंच नव्हता.

आणि रिवाजही आता खोटा राहिलेला नाही. त्या पाड्यात पुढच्या वर्षीच्या लग्नात लोकांनी स्वतःहून कडू घास केला. मग शेजारच्या पाड्यात झाला. परवा एक तरणाबांड मुलगा दुकानात आला आणि म्हणाला, लग्नासाठी कडूजिरं द्या. माझ्या सुनेने विचारलं, कशाला? तर त्याने तिला वाडवडलांपासून चालत आलेली प्रथा समजावून सांगितली, कडू का खायचं, गूळ का द्यायचा, पोटुशी बाईला का द्यायचं नाही, सगळं. वर म्हणाला, "तुम्ही शहरातल्या, तुम्हाला आमचं जुनं काय ठाऊक असणार!" मी मागे बसून सुपारी कातरत होते. अडकित्त्यात बोट जाता जाता वाचलं.

हे सगळं लिहू का, असं मी जानकीबायला विचारायला गेले होते. म्हणाली, "लिही. पाड्याचं नाव घालू नको." म्हणून घातलेलं नाही.

पाड्यातल्या प्रत्येक लग्नाचं मला आमंत्रण असतं. मला मानाने पुढे बसवतात आणि कडू भाताचा पहिला घास जानकीबाय स्वतःच्या हाताने मला भरवते. सुपारीएवढा नाही, चांगला लिंबाएवढा. लोकांना वाटतं, केवढा मान दुकानवाल्या काकीचा! ती शिक्षा आहे, हे आम्हा दोघींनाच माहीत. गेल्या उन्हाळ्यातल्या लग्नात ती काठी टेकत आली. आता तिला नीट दिसत नाही, निम्मी शितं माझ्या मांडीवर सांडली. तिने ती चाचपून वेचली आणि तीही माझ्या तोंडात कोंबली. मग माझ्या कानाशी वाकली.

"शेठानी, पाड्यात अजून नऊ पोरी लग्नाच्या हायत. तोवर दोघींनी बी मरायचं नाय."

मी मान डोलावली. बोलायला तोंड रिकामं नव्हतंच.